ग्रीन कार्ड आले, साखरेवरच्या गोळ्यांचे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत कायमचे राहायला जाणाऱ्या ज्येष्ठांवर लिहिताना थंडी, एकटेपणा आणि नातवंडांचे मराठी यांवर रकानेच्या रकाने भरतात. डायबेटिस असलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो मात्र तिथल्या फार्मसीच्या काउंटरवर, आणि दुसरा विम्याच्या अर्जावर. दोन्हींची तयारी भारतातूनच करायची असते, म्हणून हे पत्र (यात ‘इथे’ म्हणजे भारत आणि ‘तिथे’ म्हणजे अमेरिका).

आधी गोळ्या. आपल्याकडची चिठ्ठी ब्रँडच्या नावाने असते आणि एका गोळीत दोन-तीन औषधे असतात. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी आपल्याकडे गल्लीतल्या मेडिकलमध्येही मिळते, अमेरिकेत ती जोडगोळी मिळत नाही. दोन्ही औषधे सुटी घ्यावी लागतात. दोन्ही जेनेरिक आणि स्वस्त आहेत, त्यामुळे इथवर फारसे बिघडत नाही. खरी अडचण आहे ती विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड आणि वोग्लिबोज यांची. या चारही औषधांना औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेची मान्यताच नाही. आपल्याकडे लाखो लोक ती घेतात, तिथला फार्मासिस्ट मात्र नाव वाचून मान हलवतो. शिवाय भारतीय डॉक्टरांची चिठ्ठी तिथे चालत नाही. तिथल्या डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घ्यायची, आणि नव्या पेशंटला भेटीची वेळ मिळायला कित्येक आठवडे लागू शकतात. मधल्या काळात एक गोळी बंद पडते, साखर चढते आणि घाबरून इमर्जन्सी गाठली जाते. तिथले बिल वर्षभराच्या औषधांपेक्षा मोठे असते.

यावर उपाय साधा आहे. विमानाच्या तारखेच्या निदान चार महिने आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, ‘अमेरिकेत मिळणाऱ्या औषधांवर मला इथेच आणता येईल का?’ एचबीए1सी ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते. म्हणून बदल चार महिने आधी केला, तर नवी औषधे लागू पडतात की नाही ते जाण्यापूर्वी कळते. सोबत इंग्रजीत टाइप केलेला एक कागद घ्यावा: औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, आणि शेवटचे एचबीए1सी आणि किडनीच्या तपासण्या (क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन). आपल्याकडच्या पाकिटावर ‘एसआर’ लिहिलेले (हळूहळू विरघळणारे) मेटफॉर्मिन तिथे ‘ईआर’ म्हणून मिळते, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावे.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. आपल्याकडच्या बहुतेक कुप्यांवर 40 आययू (युनिट) प्रति मिली असे छापलेले असते आणि सिरिंजही 40 च्या खुणांची, लाल टोपणाची असते. अमेरिकेत कुपी 100 ची आणि सिरिंज नारिंगी टोपणाची. समजा डोस 20 युनिटचा आहे. इथल्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत अर्धा मिली द्रव येतो. तीच भारतातून नेलेली सिरिंज तिथल्या कुपीत बुडवून 20 पर्यंत भरली, तर त्या अर्ध्या मिलीत 50 युनिट असतात. म्हणजे अडीचपट डोस, आणि रात्रीत साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. उलट, इथली कुपी आणि तिथली सिरिंज अशी जोडी जमली तर 20 ऐवजी 8 युनिटच पोटात जातात आणि साखर का चढते आहे ते कोणालाच कळत नाही. जुन्या सिरिंजचे पाकीट ‘असू दे’ म्हणून बॅगेत टाकायची आपली सवय इथे घातक ठरते. इन्सुलिन पेनची बहुतेक कार्ट्रिज मात्र दोन्हीकडे 100 चीच असतात, म्हणून शक्य असेल तर जाण्याआधी पेनवर यावे. इन्सुलिन केबिन बॅगेत ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते, आणि गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते.

सोबत किती औषध न्यायचे? स्वतःच्या वापरापुरते, साधारण 90 दिवसांचे, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह. त्यानंतर भारतातून कुरियरने मागवत राहू, हा बेत अनेक घरांत असतो. पाकीट कस्टम्समध्ये अडकते आणि पंधरा दिवस कोणी उत्तर देत नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांचा मुक्काम 90 दिवसांहून जास्त असेल, तर पासपोर्ट, व्हिसा आणि चिठ्ठीच्या प्रती व डॉक्टरांचे पत्र जोडून औषध मागवण्याची सोय एफडीएच्या मार्गदर्शनात आहे. ग्रीन कार्डधारकांनी तिच्यावर विसंबू नये. व्हिजिटर विमा रोजच्या गोळ्यांचे पैसे देत नाही, हेही विमा विकणारा सहसा आपणहून सांगत नाही.

आता विमा. मुलाच्या कंपनीच्या विम्यात आईवडील बसतील, ही आपली भारतीय समजूत. तिथे साधारणपणे बसत नाहीत. 65 वर्षांवरील ग्रीन कार्डधारकाला मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, विकत घेण्यासाठी आधी सलग पाच वर्षे तिथे राहावे लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने इथली तीस-पस्तीस वर्षांची नोकरी तिथे मेडिकेअरच्या हिशेबात शून्य धरली जाते, आणि मुलाची नोकरी आईवडिलांच्या खात्यात जमा होत नाही.

या पाच वर्षांसाठी खरा आधार म्हणजे मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी संकेतस्थळावरून घ्यायचा खासगी विमा. डायबेटिस आहे म्हणून तो नाकारता येत नाही. ग्रीन कार्डावर दाखल झाल्यापासून 60 दिवसांत अर्ज करायचा. मुदत हुकली की पुढच्या वार्षिक नोंदणीच्या मुदतीची वाट पाहायची. उत्पन्न पाहून हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा हिशेब मात्र नीट करावा. मुलाने आपल्या कर विवरणपत्रात आईवडिलांना अवलंबून दाखवले, तर उत्पन्न मुलाचे धरले जाते आणि सवलत बहुधा जाते. वेगळे विवरणपत्र भरले तर भारतातले पेन्शन आणि ठेवींचे व्याजही त्यात येते. आणि 1 जानेवारी 2026 पासून, स्थलांतरित असल्यामुळे मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) न मिळणाऱ्यांचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या खाली असेल तर त्यांची प्रीमियम सवलत बंद झाली आहे. ज्यांना सर्वांत जास्त गरज त्यांचीच काढून घेतली, दुसरे काय म्हणणार! अशांनी कम्युनिटी हेल्थ सेंटर शोधावे; तिथे उत्पन्न पाहून फी ठरते आणि अनेक केंद्रांत औषधेही स्वस्त मिळतात. विमा नसलेल्यांसाठी काही इन्सुलिन कंपन्यांची महिना 35 डॉलरची योजना आहे. वॉलमार्टमध्ये जुन्या पद्धतीच्या ह्युमन इन्सुलिनची कुपी सुमारे 25 डॉलरला मिळते. पण नव्या पद्धतीच्या अॅनालॉग इन्सुलिनवरून तिच्यावर जाताना डोस आणि जेवणाची वेळ दोन्ही बदलतात, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

पाच वर्षे झाली की मेडिकेअर. 2026 चे दर असे: पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटल, स्वतः किंवा जोडीदाराने तिथे पुरेशी वर्षे कामच केले नसेल तर महिना 565 डॉलर, पार्ट बी, म्हणजे डॉक्टर आणि तपासण्या, 202.90 डॉलर. नवराबायको मिळून महिना सुमारे 1,536 डॉलर होतात. हा आकडा ऐकून पुष्कळजण ‘मार्केटप्लेस चालू आहे ना, पुढे बघू’ म्हणतात. तसे राहता येते, पण नोंदणीची सात महिन्यांची मुदत पात्र होण्याच्या महिन्याआधी तीन महिने सुरू होते, आणि ती गेली की उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे पार्ट बीचा हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो, तोही कायमचा. एकटा पार्ट बी घेऊन त्याला औषधांचा पार्ट डी जोडता येतो, हे कमी जणांना माहीत असते. हॉस्पिटल त्यात येत नाही, ती जोखीम ओळखून निर्णय घ्यावा. पार्ट डीमध्ये योजनेच्या यादीतले प्रत्येक इन्सुलिन महिन्याला जास्तीत जास्त 35 डॉलरला मिळते आणि 2026 मध्ये यादीतल्या औषधांवर खिशातून वर्षाला 2,100 डॉलरपेक्षा जास्त द्यावे लागत नाहीत. टेस्ट स्ट्रिप्स पार्ट बीमध्ये येतात: इन्सुलिनवाल्यांना तीन महिन्यांत 300, इतरांना 100.

शेवटी इथला मेडिक्लेम. मेडिकेअर भारतात चालत नाही आणि वर्षातले काही महिने आपण इथे असतोच. पॉलिसी बंद पडते ती बहुधा ठरवून नव्हे. बँकेतले बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांचे खाते) होते, जुना ऑटो डेबिट रद्द होतो, हप्त्याचा एसएमएस बंद पडलेल्या भारतीय नंबरवर जातो आणि 30 दिवसांची सवलतीची मुदत संपते. मग सत्तरीत नवी पॉलिसी घ्यायची, आणि डायबेटिससाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून. खाते बदलण्याच्या दिवशीच विमा कंपनीला नवा खातेक्रमांक, ईमेल आणि इथल्या एखाद्या नातेवाइकाचा फोन नंबर लेखी कळवावा.

आपला,
एक वाचक,
एडिसन, न्यू जर्सी