सूनबाईचं इंजेक्शन

सांगली

प्रिय पिंट्या,

काल फोनवर तू सहज बोलून गेलास की सूनबाईचा रक्तगट बी-निगेटिव्ह आलाय आणि पहिलंच बाळ आहे म्हणजे टेन्शन नाही, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही बघ. तुझी आई पण निगेटिव्हच, मी पॉझिटिव्ह, ताईच्या वेळी सगळं सुरळीत झालं म्हणून त्या दवाखान्यात कुणी अँटी-डी इंजेक्शनचं नावच काढलं नाही आणि आम्हाला तरी कुठं कळत होतं. ताईचं पॉझिटिव्ह रक्त थोडं आईच्या रक्तात मिसळलं, तिच्या अंगात पॉझिटिव्ह रक्त फोडणाऱ्या अँटीबॉडी तयार झाल्या आणि ते सगळं निघालं पुढच्या बाळावर, म्हणजे तुझ्यावर.

1994 ची गोष्ट. दुसऱ्याच दिवशी तू हळदीसारखा पिवळा, काविळीचं बिलिरुबिन 24. डॉक्टर म्हणाले नुसत्या लाइटवर भागणार नाही, रक्त बदलायला लागेल, नाहीतर कावीळ मेंदूत चढते, पोरगं बहिरं होतं, हातपाय वाकडे होतात. आणि बदलताना? कॅल्शियम उतरतं, प्लेटलेट कमी होतात, इन्फेक्शन, आतड्याला सूज, शंभरात एखाद-दुसरं दगावतं, कमी दिवसाचं असेल तर जास्तच. इथं सही करा. केली.

ओ निगेटिव्ह आणि तेही ताजं पाहिजे होतं. कवठेमहांकाळचा एक तालमीतला पोरगा एस्टीने मिरजेला आला, रक्त दिलं, अर्धा कप चहा पिऊन गेला, गडबडीत नाव विचारायचं पण राहिलं.

मी काचेतून बघत होतो. बेंबीत नळी, 10 एमएल काढायचं, 10 घालायचं, सिस्टर दरवेळी कागदावर रेघ मारायच्या. तू अडीच किलोचा, अंगात रक्त जेमतेम 200 एमएल, त्याच्या दुप्पट बदलायचं म्हणजे 40 रेघा. 26 व्या रेघेला सगळे थांबले, तुझे ठोके मंदावलेले. डॉक्टर वाकले, काहीतरी हळूहळू सोडत होते, मी तुझ्याकडं नाही, त्या पेनाकडं बघत होतो. 27 वी रेघ पडली तेव्हा खालीच बसलो.

रात्री बिलिरुबिन 12 वर आलं, सकाळी परत 17, अंगात मुरलेलं रक्तात येतं म्हणे, मग लाइटखाली ठेवलं. पुढं कितीतरी महिने आई तुझ्या पाठीमागं ताट वाजवायची, तू दचकलास की हसायची.

तर आता ऐक, 28 आठवड्याला आधी कूम्ब्स टेस्ट, म्हणजे तिच्या रक्तात अँटीबॉडी झाल्यात का ते बघायचं, नसतील तर त्या होऊ नयेत म्हणून अँटी-डी, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत परत एक. महाग आहे म्हणून बघू नकोस, मी देतो पैसे. रविवारी येताना फाईल घेऊन ये, डॉक्टरनी लिहिलंय का ते मला स्वतःला बघायचंय, आणि यातलं आईला काही बोलू नकोस.

तुझे पप्पा