पायाला पाणी घालायचं, पण कुठलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनिवारच्या पुरवणीतला खचलेल्या घरांवरचा लेख वाचला. रविवारी पुन्हा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं की चष्मा बदलायला झालाय. उन्हाळ्यात घराच्या पायाभोवती झिरपणारा पाइप अंथरून रोज पाणी सोडावं, म्हणजे खालची चिकणमाती आकसत नाही, असा सल्ला त्यात चक्क छापलाय. त्याच अंकाच्या पहिल्या पानावर मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत किती टक्के पाणी उरलं त्याचा तक्ता! ही दोन पानं बघणारी माणसं एकमेकांना भेटत नाहीत का? आमच्या चारकोपला पाणी सकाळी दीड तास. त्यात प्यायचं भरायचं, कपडे, भांडी, आणि आता पायाची आंघोळ.

सल्ला खोटा आहे असं मी म्हणत नाही. तिकडे टेक्सासात लोक खरंच असं करतात. माझ्या वडिलांनाही तो पटला असता, कारण माझं माहेर परभणीचं, घर काळ्या मातीवर. वैशाखात अंगणातल्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत जायचा आणि श्रावणात तीच भेग दिसायची नाही. माजघराचं दार पावसाळ्यात अडकायचं आणि संक्रांतीला आपोआप सैल व्हायचं. ती माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. त्यातही खरा घोळ होतो तो एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा राहिला की. आमच्या मोरीचं पाणी भिंतीलगत मुरायचं, तेवढाच कोपरा वर उचलला गेला होता. वडिलांनी मोरीचं पाणी चर खणून लांब परसात नेलं, तेव्हा कुठे भिंत थांबली. भावाने पुढे तिथेच नवं घर बांधलं ते कंदासारखे फुगवटे असलेल्या पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी काढली. लेखात तिचा उल्लेखही नाही. टेक्सास सापडलं, रुरकी सापडली नाही.

पण पुरवणी मुंबईची आहे ना? इथे खाडीलगत काळी माती नाही, खाडीचा चिखल आहे. तो बारा महिने ओलाच, त्याला कसलं पाणी घालता? त्याचं दुखणं उलटं. चक्क्याच्या पुरचुंडीवर पाटा ठेवावा तसं भरावाचं आणि घरांचं ओझं त्याच्यावर बसतं, आतलं पाणी वर्षानुवर्षं पिळून निघत राहतं आणि जमीन बसत जाते. आमची ही म्हाडाची, जागतिक बँक योजनेतली बैठी घरं. 1990 साली राहायला आलो तेव्हा दोन सेक्टर पलीकडे खारफुटी दिसायची.

आता लेखाचा मुख्य भाग, म्हणजे भोकं पाडून खालून काहीतरी भरायचं आणि घर वर उचलायचं. बोटाएवढ्या भोकातून फोम सोडला की तो फुगतो आणि काही मिनिटांत घट्ट होतो, असं फार कौतुकाने लिहिलंय. माझ्या नशिबी फोम नव्हता, सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट होतं.

2019 साली, गणपतीच्या आधी. स्वयंपाकघराची फरशी इतकी कलली होती की लाटणं हातातून सुटलं तर थेट फ्रिजखाली. एक ठेकेदार आला. त्याने लेव्हलची नळी लावली, दाराबाहेर जाऊन आला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "काकू, तुमचं घर दोन फूट खाली गेलंय." मी घाबरले. दोन फूट म्हणजे काय थट्टा आहे? त्याने मोजलं होतं रस्त्यापासून! आम्ही आलो तेव्हा रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून घरात यायचो, आता एक उतरतो. घर तिथेच होतं, रस्ता वर आला होता. पण हे मला सुचलं तेव्हा निम्मे पैसे देऊन झाले होते.

स्वयंपाकघरात त्याने चौदा भोकं पाडली, दीड-दीड इंची. पंप लावला. सिमेंटची अकरा पोती गेली तरी फरशी सूतभरसुद्धा हलेना. "बाई, जमीन पितेय," असं त्याचा माणूस म्हणत होता आणि मी वेड्यासारखी मान डोलवत होते. तेवढ्यात पलीकडून शेजारीण ओरडली. तिच्या मोरीच्या जाळीतून करडा रबरबाट वर येत होता. पंप बंद करेपर्यंत तिची मोरी भरली, संध्याकाळपर्यंत मागचा चेंबर दगड झाला. दोन घरांचं सांडपाणी चार दिवस तुंबलं आणि चेंबर छिन्नीने फोडावा लागला. ठेकेदाराचा फोन त्या दिवसापासून लागत नाही. पंचेचाळीस हजार गेले त्याचं एक वेळ सोडा, शेजारणीने त्या वर्षी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, ते अजून लागतं.

शेवटी आमचा पोटमाळा करणारा गवंडी आला. त्याने काही भरण्याआधी फरशी उखडली. खाली बादली बसेल एवढी पोकळी, फुटलेला मातीचा पाइप आणि घुशीचं भलंमोठं बीळ. पाइपमधून गळणाऱ्या पाण्याने भराव धुऊन नेला होता, घुशीने वाट मोठी केली होती आणि आमची अकरा पोती त्याच वाटेने शेजारी गेली होती. भराव तरी कसला, डेब्रिजच! 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा आमच्या घरात दोन दिवस पाणी होतं. माझ्या मते फरशी तेव्हापासूनच पोकळ वाजायला लागली, पण फरशी वाजवून बघतं कोण?

घराचा पाया मात्र हललेला नव्हता. भिंतीला तडा होता, त्यावर गवंड्याने काचेचे दोन तुकडे आडवे चिकटवले आणि पेन्सिलीने तारीख टाकली. भिंत सरकली तर काच तडकते. एक अख्खा पावसाळा काढला, काच शाबूत. मग नवीन पाइप, सहा-सहा इंचांचा थर धुमसाने ठोकून भराव, वर सोलिंग म्हणजे दगडांचा थर, त्यावर पीसीसी म्हणजे सळ्यांशिवायचं साधं काँक्रीट, मग लाद्या. ठेकेदारापायी गेले त्याच्या तिसरा हिस्सासुद्धा खर्च आला नाही. लाटणं आता ओट्यावरून पडलं तर पडतं तिथेच राहतं.

फरशी बसणं वेगळं आणि पाया बसणं वेगळं, एवढं एक वाक्य तुमच्या अर्ध्या पानात मावलं नाही. पाया खरंच बसत असेल तर चिखलातून खालच्या मुरमापर्यंत, खडकापर्यंत आधार न्यावा लागतो, आणि ते इंजिनिअरने बघायचं काम आहे. शिवाय आमच्या ओळीत दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर सामाईक. मधलं एकच घर उचलायचं म्हणजे शेजाऱ्यांनाही कडेवर घ्यायचं का? लेखावर पिसाच्या मनोऱ्याचं चित्र टाकलंय तेही गंमतच. तिथे कललेल्या बाजूखाली काही पंप केलं नाही, उंच बाजूखालची माती थोडीथोडी काढली, म्हणून तो थोडा सरळ झाला. 1990 साली बंद केलेला मनोरा 2001 साली लोकांना पुन्हा उघडला. चित्राखाली दोन ओळींना जागा होती की.

रस्त्याचं खरं तर वेगळं पत्र लिहायला हवं. दर वेळी जुना थर न खरवडता वर नवा, आणि आता त्यावर काँक्रीट. जुलैत पाणी उंबरा ओलांडून आत येतं. याच्यावर कुठलं इंजेक्शन आहे ते तुमच्या लेखकांनी जरूर कळवावं. आमच्या गल्लीत तिघांनी फरशी फूटभर वर घेतली, आता त्यांच्या दारातून वाकून जावं लागतं.

लेखाचा पुढचा भाग येत्या शनिवारी, असं खाली छापलंय. त्याआधी लेखकांना एकदा मोठ्या भरतीच्या दिवशी, पाऊस चालू असताना, आमच्या मोरीपाशी उभं करा. चहा मी देईन.

कळावे.

एक वाचक, चारकोप, कांदिवली (पश्चिम)

ता. क. नाव छापू नये. शेजारीण तुमचंच वर्तमानपत्र घेते.