आजींचा बिस्किटाचा डबा

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी फोनवर इथे कर्जापायी घरं गमावलेल्या लोकांचा विषय निघाला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "सही केली ना? मग भोगा." तेवढ्यात आईने लोणच्याचा विषय काढला म्हणून मी गप्प बसले. पण पतसंस्थेत जन्मभर कर्जखातं सांभाळलेल्या माणसाचं ते बोलणं होतं, म्हणून सावकाश लिहिते.

मी ज्या आजींना व्यायाम द्यायला जाते, त्या शिकागोच्या नॉर्थ लॉन्डेल भागात राहतात. त्यांचे वडील तिथेच हप्त्यांवर घर घेऊन बसले होते. 1950-60च्या दशकांत काळ्या लोकांच्या वस्तीतल्या कर्जाला सरकारी गृहखातं हमीच देत नसे, त्यामुळे बँका दारातूनच परत पाठवत. मग दलाल यायचे. घर विकायचे, पण कागद स्वतःच्या नावावर ठेवून. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घेणाऱ्याची मालकी शून्य. घरपट्टी, दुरुस्ती मात्र त्याच्याच डोक्यावर. एक हप्ता चुकला की घराबाहेर, भरलेलं सगळं बुडीत, आणि तेच घर पुढच्या कुटुंबाला. क्लाइड रॉस नावाच्या गृहस्थांनी 1961 साली असं घर 27,500 डॉलरला घेतलं. विकणाऱ्याने ते सहाच महिन्यांपूर्वी 12,000ला घेतलेलं!

आता आबांचा विहिरीजवळचा तुकडा आठवा. सावकार म्हणाला, "पैसे फेड, जमीन तुझीच." कागद मात्र सरळ खरेदीखताचा. मुदतखरेदी म्हणायची तोंडी, आणि अंगठा घ्यायचा कायमच्या विक्रीवर. 2014च्या सावकारी कायद्यात अशा व्यवहारांची चौकशी होते म्हणे. आबांना त्याचा काय उपयोग? पण बाबा, आबांना तुम्ही कधी "मग भोगा" म्हणालात का?

लॉन्डेलमधली माणसं 1968मध्ये एकत्र आली आणि त्यांनी हप्ते थांबवले. काहींचं सामान पोलिसांनी रस्त्यावर काढलं. कोर्टात ते हरले, तरी बऱ्याच जणांना करार बदलून मिळाले. आजींच्या वडिलांचं घर त्याआधीच गेलं होतं.

नंतर, 2000 सालानंतर, अशाच वस्त्यांत कर्ज द्यायला कंपन्या स्वतःहून आल्या. पहिली दोन वर्षं हप्ता लहान, मग दर चढायचा. आणि गिऱ्हाईकाच्या गळ्यात जितका जास्त दर, तितकी दलालाची कमाई जास्त. स्वस्त कर्जाला पात्र असणाऱ्यांनाही महाग कर्ज दिलं गेलं. कंट्रीवाइड या कंपनीवर काळ्या आणि लॅटिनो कर्जदारांकडून जादा घेतल्याचा आरोप होता, असे दोन लाखांवर लोक. 2011मध्ये तिने 33.5 कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तुमच्या पतसंस्थेत सभासदाचा पगार बघितल्याशिवाय तुम्ही फॉर्मला हात लावत नव्हता. इथे पगाराचा आकडा दलालच भरायचा, असे प्रकार झाले.

आजींनी परवा बिस्किटाचा डबा उघडून वडिलांच्या हप्त्यांच्या पावत्या दाखवल्या. एकही हरवलेली नाही. मी त्यांना आबांचं सांगितलं, तर म्हणाल्या, "कागद आहे का?" ट्रंकेत ते खरेदीखत असेल तर फोटो काढून पाठवा. अंगठ्याचं पान नीट दिसू दे.

आई, लोणचं पोचलं. तेल थोडं सांडलंय.

तुमची,
मनू