घरचं खा म्हणता, पण करायचं कोणी?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

हल्ली जो तो सांगतो घरचं ताजं खा, बाहेरचं बंद करा. बरोबरच आहे ते, २०२४ ला आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराच्या नवीन गाइडलाइन्स काढल्या त्यात तर म्हटलंय की देशातल्या एकूण आजारांच्या भारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या खाण्यामुळे आहे. पण हे घरचं करायचं कोणी यावर कोणी बोलत नाही. केंद्र सरकारचा २०१९ चा टाइम यूज सर्व्हे, म्हणजे लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी बघा, स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो आणि पुरुषांचा ९७, त्यात मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच साधारण चारात एक. मग "घरचं खा" म्हणजे आईला नाहीतर बायकोला अजून एक काम सांगणं, बाकी काही नाही.

माझं म्हणणं एवढंच की जो जेवतो त्याने रोजचं एक काम ठरवून उचलावं, अगदी बारावीतल्या पोराने सुद्धा. कारण साधा स्वयंपाक अवघड नसतोच, अवघड असतं ते वेळेवर आठवण ठेवणं. आता मटकीची उसळ घ्या, करायला वीस मिनिटं पण मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजत घालायला हवी, रात्री उपसून फडक्यात बांधायला हवी तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी मोड येतात आणि थंडीत तर त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणजे बुधवारची उसळ मंगळवारी सकाळीच सुरू होते. मेथी रात्री टीव्ही बघता बघता निवडून ठेवली तर सकाळची धावपळ निम्मी होते. ज्वारीचं पीठ महिन्याचं एकदम दळून आणलं की त्याची विरी म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना तुटते, मग आपण म्हणतो मला भाकरी जमत नाही! थोडं थोडं दळून आणा आणि पीठ उकळत्या पाण्यात भिजवा, जमते.

आमच्याकडे संध्याकाळचा कुकर मुलगा लावतो. खाली तुरीची डाळ हिंग हळद घालून, वर तांदूळ, तीन-चार शिट्ट्या. तेवढ्या वेळात मुलगी काकडीची नाहीतर गाजराची कोशिंबीर करते, मिस्टर पोळ्या लाटतात आणि मी भाजी फोडणीला टाकते. सात वाजता कुकर लागायचाच हे ठरल्यापासून मुलगा क्लासवरून सरळ घरी येतो आणि त्याचा अभ्यास पण वेळेत सुरू होतो, हे आम्ही त्याला सांगून सांगून दमलो होतो.

अजून एक, ताजं म्हणजे प्रत्येक पोळी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे हा हट्ट सोडा. त्या हट्टापायी एक बाई गॅसपाशी उभी राहते आणि शेवटी एकटी जेवते. सगळ्या पोळ्या करून डब्यात झाकून ठेवा आणि सोबत बसा. शेंगदाण्याची चटणी आठवडाभर टिकते, दही घरी लागतं, उरलेला भात मात्र ओट्यावर तसाच ठेवू नका, लवकर फ्रिजमध्ये टाका, कारण तासन्तास बाहेर राहिलेल्या भातात जे विष तयार होतं ते परत गरम करून जात नाही.

पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी आलेल्या मुलामुलींचं फार वाटतं मला. मेसचा कंटाळा आला की वडापाव नाहीतर मॅगी, आणि बऱ्याच रूमवर स्वयंपाकाला परवानगीच नसते. घरमालकांनी निदान इंडक्शन आणि छोटा कुकर चालू द्यावा, लाइटबिल वेगळं घ्या हवं तर, मूगडाळीची खिचडी आणि ताक एवढं केलं तरी पोरांचं पोट सांभाळलं जातं.

आता तुम्हाला विनंती. पुरवण्यांमध्ये पाककृती येतात त्या बहुतेक सणावाराच्या, क्रीम काजू पनीरच्या, मंगळवारी रात्री ऑफिसातून आल्यावर त्या कोण करणार? त्याऐवजी दर रविवारी सोमवार ते शनिवारचं साधं जेवण छापा, पिठलं भाकरी, आमटी भात, पालकाची पातळ भाजी, उसळ, आणि प्रत्येकाच्या शेजारी आदल्या रात्री काय भिजवायचं, काय निवडायचं, काय दळून आणायचं ते पण लिहा. आणि ते सदर महिलांच्या पानावर टाकू नका, पहिल्या नाहीतर खेळाच्या पानावर टाका.

आपली एक वाचक, पुणे