त्या एका वाक्यासाठी थँक्यू, ताई!

ताई, तुम्हाला मेसेजमध्ये नुसतं थँक्स लिहून भागणार नाही म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

इंग्रजी वाचताना मी ज्या वाक्यावर अडले ते साधंच होतं, त्यात एक बाई म्हणते, आय डिडन्ट टेक द जॉब बिकॉज ऑफ द मनी. एकही शब्द अवघड नाही. मी अर्थ लावला की पैशांमुळे त्या बाईने नोकरी घेतली नाही, पगार कमी असेल. पण पुढच्याच ओळीत ती ऑफिसमधल्या पहिल्या दिवसाबद्दल सांगते! नोकरीच घेतली नाही तर पहिला दिवस कुठून आला? डिक्शनरी बघून काय उपयोग, त्यात शब्द सापडतात, असा गुंता सुटत नाही.

बाकीच्यांनी सरळ अर्थ सांगून टाकला असता. तुम्ही मला विचारलंत, "यातला 'नॉट' नक्की कशाला नाही म्हणतोय, नोकरी घेण्याला की कारणाला?" आणि मग व्हॉइस नोटमध्ये तेच वाक्य दोनदा म्हणून दाखवलंत. एकदा 'जॉब'पाशी आवाज खाली आणून जरा थांबलात, तेव्हा नोकरी नाकारलेली. दुसऱ्यांदा न थांबता सलग, 'मनी'वर जोर आणि शेवटी आवाज वर, जणू अजून काहीतरी सांगायचं राहिलंय, तेव्हा नोकरी घेतलेली, पण पैशांसाठी नाही, कारण वेगळंच. ते ऐकल्यावर मला पुढे समजावून सांगायची गरजच उरली नाही, खरंच.

लिहिताना आवाज नसतो, मग 'बिकॉज'च्या आधी स्वल्पविराम दिला की पहिला अर्थ पक्का होतो आणि तो नसेल तर आजूबाजूच्या ओळी बघायच्या, हे तुम्ही सांगितलेलं तर मी आता ऑफिसचे ईमेल लिहितानाही बघते. शंका वाटली तर वाक्यच बदलते, आय टुक द जॉब, बट नॉट फॉर द मनी, विषय संपला. आणि 'ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड'मध्येही हाच प्रकार आहे हे नंतर माझं मला दिसलं, तिथे चकाकणारं काहीच सोनं नसतं असं म्हणायचं नसून सगळंच सोनं नसतं असं म्हणायचंय. तेव्हा इतका आनंद झाला ना!

ग्रामर शिकवणारे खूप भेटले, पण वाक्य कानाने वाचायला तुम्ही शिकवलंत. तेही स्वतःची कामं सांभाळून, मी तेच तेच परत विचारत असताना जराही न वैतागता. मनापासून थँक्यू ताई. आता 'अनलेस'ने अडवलंय, या वीकेंडला विचारू का?