भिंतीचा आणि खिडकीचा आकडा करारात छापा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात बांधकामाच्या साईटवर सुपरवायझर आहे, बावीस वर्षं झाली, आणि चार वर्षांपूर्वी स्वतःसाठी पण एक टू बीएचके घेतला. सातवा मजला, एक बेडरूम पूर्ण पश्चिमेला. बिल्डिंग मायवानची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये भिंत आणि स्लॅब एकदमच ओततात ती पद्धत, वीट नाही ब्लॉक नाही, सहा इंचाचं सरळ काँक्रीट. मे महिन्यात रात्री अकरालाही ती भिंत आतून गरम लागते, आईने तर पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलाय. आणि मला राग याचा येतो की असल्या भिंती मी स्वतः उभ्या केल्यात, तरी फ्लॅट घेताना हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही.

पत्र लिहायचं कारण म्हणजे सध्या साईटवर सगळीकडे एकच चर्चा आहे, घरांसाठी पण एनर्जी कोड येतोय, म्हणजे वीज कमी लागावी म्हणून बिल्डिंग कशी बांधायची त्याचे नियम, आता फ्लॅटचे रेट वाढणार. अर्धीमुर्धी माहिती घेऊन लोक बोलून राहिले. म्हणून जेवढं नीट वाचलंय तेवढं सांगतो. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात बिल्डिंगचा कोड होता पण तो ऑफिस, मॉल, हॉटेल, हॉस्पिटल असल्या मोठ्या इमारतींसाठी, २००७ मध्ये निघाला आणि २०१७ मध्ये सुधारला. घरांसाठी इको निवास संहिता आली डिसेंबर २०१८ मध्ये, तिचा दुसरा भाग २०२१ मध्ये, नवीन आवृत्ती २०२४ मध्ये. आधी घरांना ही संहिता ऐच्छिकच होती म्हणा. मग २०२२ मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली, १ जानेवारी २०२३ पासून ती लागू आहे, आणि आता १०० किलोवॅट जोडभार (म्हणजे जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून भार) किंवा वीज करारात १२० केव्हीए मागणी असलेली राहती इमारतही कायद्याच्या कक्षेत आली. एका फ्लॅटचे चार-पाच किलोवॅट धरा, म्हणजे वीस-पंचवीस फ्लॅटची साधी बिल्डिंग सुद्धा त्यात बसते. फक्त प्रत्यक्षात लागू करायचं काम राज्यांचं आणि नकाशा मंजूर करणाऱ्या महापालिका-नगरपालिकांचं, गाडी तिथेच अडते.

आता त्या संहितेत मागितलंय काय ते बघा, कारण रेट वाढणार म्हणणाऱ्यांनी ते वाचलेलं नसतं. २०१८ च्या भागात नागपूरसारख्या हवामानासाठी मुख्य गोष्टी मोजक्याच आहेत. बाहेरच्या भिंती आणि खिडक्यांतून सरासरी किती उष्णता आत येते त्याला आरईटीव्ही म्हणतात, तो चौरस मीटरला १५ वॅटच्या वर नको. छताचा यू व्हॅल्यू १.२ च्या वर नको. आणि कार्पेट एरियाच्या साडेबारा टक्के एवढी खिडकी-दाराची जागा खरोखर उघडणारी पाहिजे.

यू व्हॅल्यू म्हणजे बाहेर आणि आत एक डिग्रीचा फरक असला तर एक चौरस मीटर भिंतीतून किती वॅट उष्णता आत जाते तो आकडा. सहा इंच काँक्रीटचा पावणेचारच्या आसपास येतो, नऊ इंची विटेच्या भिंतीचा दोनच्या आसपास, आणि आठ इंची एएसी ब्लॉकचा, म्हणजे सिमेंटचे हलके सच्छिद्र ब्लॉक येतात त्यांचा, पाऊणच्या जवळपास. माझी पश्चिमेची भिंत दहा बाय दहा फूट धरा, साधारण सव्वानऊ चौरस मीटर. दहा डिग्री फरक असेल तर त्या एका भिंतीतून साडेतीनशे वॅट उष्णता आत येते, तीच भिंत ब्लॉकची असती तर सत्तर वॅट. जुने साठ वॅटचे पिवळे बल्ब आठवा, एका घरात असे सहा बल्ब खोलीत जळत ठेवल्यासारखं आणि दुसऱ्या घरात एकच. हे नुसत्या हवेच्या फरकाचं झालं, संध्याकाळचं ऊन सरळ भिंतीवर पडतं ते वेगळं. मग एसी लावायचा, युनिट तीनशेच्या पुढे गेले की वीजबिलाच्या दराचा टप्पा बदलतो, आणि लोनचा हप्ता तर वीस वर्षं चालूच.

मायवानला मी वाईट म्हणत नाही. आठ-दहा दिवसांत एक मजला उठतो, प्लास्टर जवळजवळ लागत नाही, भूकंपाला भक्कम. पण नंतर काही सुधारायचं म्हटलं तर भिंतच लोड घेते, तिला हात लावता येत नाही, खिडकी मोठी करणं तर सोडाच. बाहेरून काही करायचं म्हटलं तर सोसायटीची परवानगी आणि सातव्या मजल्यावर परांची. हे सगळं ड्रॉइंगच्या टेबलावरच व्हायला पाहिजे होतं, बाहेरच्या ज्या भिंती लोड घेत नाहीत त्या ब्लॉकच्या, पश्चिमेला जिना किंवा बाथरूम, खिडकीवर खोल छज्जा, बाहेरून फिका रंग.

खिडक्यांचा हिशेब मी एका रविवारी टेप घेऊन स्वतः केला. कार्पेट ६०० चौरस फूट, म्हणजे उघडणारी जागा ७५ चौरस फूट पाहिजे. बाल्कनीचं स्लायडिंग दार सहा बाय सात, दोन बेडरूमच्या खिडक्या पाच बाय चार, किचनची तीन बाय साडेतीन, सगळी भोकं मिळून साडेब्याण्णव फूट. पण सगळं दोन ट्रॅकचं स्लायडिंग, अर्धंच उघडतं, संहितेतही ते अर्धंच धरतात. म्हणजे भरली सेहेचाळीस. त्याच भोकांत बाहेर उघडणारे पल्ले बसवले असते तर नव्वद टक्के धरतात, ८३ फूट झाली असती आणि आरामात पास. भिंत तीच, भोक तेच, फक्त पल्ला वेगळा. आमच्याकडे विदर्भात कूलर हेच उन्हाळ्याचं साधन, आणि कूलरची हवा बाहेर जायला दुसरीकडे उघडी जागा लागते नाहीतर आत नुसता चिकचिकाट होतो. स्लायडिंगवाल्या फ्लॅटमध्ये कूलर बसत पण नाही आणि चालत पण नाही, म्हणून माणूस एसीकडे ढकलला जातो.

खर्चाचं म्हणाल तर काही गोष्टींना पैसे लागतात हे खरं आहे, चांगली काच, छतावर इन्सुलेशन. पण दिशा बदलायला पैसे लागत नाहीत, आणि एएसी ब्लॉक वजनाला हलका असल्यामुळे बिल्डिंगचं वजन कमी होतं, त्याचा फायदा स्टीलमध्ये मिळतो. माझ्या मेव्हण्याने लेआऊटमध्ये १५०० फुटांच्या प्लॉटवर घर बांधलं, तिथे आर्किटेक्ट नव्हता, ठेकेदार आणि मी. पश्चिमेला जिना आणि संडास-बाथरूम घेतलं, खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा, गच्चीवर कोबा करून वर पांढऱ्या चिनी टाइल्सचे तुकडे. या मे महिन्यात वरच्या खोलीत दुपारी कूलरवर भागलं. मात्र असल्या घराला कोड लागतच नाही, २०१८ ची संहिता धरते ५०० चौरस मीटर म्हणजे जवळपास ५४०० चौरस फुटांच्या पुढचे प्लॉट आणि कायदा धरतो १०० किलोवॅट. राज्याला भाराची ही मर्यादा खाली आणायचा अधिकार कायद्यानेच दिलाय, तो वापरावा.

पण माझी मुख्य मागणी वेगळी आहे. नुसता कोड सक्तीचा केला तर काय होईल ते मला साईटवरून दिसतं. कन्सल्टंट कॉम्प्युटरवर आकडा काढून देईल, तो कागद फाईलला लागेल, आणि खाली काम वेगळंच होईल. मंजूर ड्रॉइंगमधला छज्जा स्लॅबच्या आदल्या दिवशी फोनवर रद्द झालेला मी पाहिलाय, काच बदललेली पाहिलीये. घेणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही कारण त्याच्या हातात कागदच नसतो. रेराच्या आधी सुपर बिल्टअपच्या नावाखाली काय काय विकलं जायचं आठवतंय ना, २०१६ चा कायदा आला, कार्पेट एरियाची व्याख्या पक्की झाली, आणि आज साधा माणूस पण विचारतो कार्पेट किती. तसंच या बाबतीत करा. विक्री करारात कार्पेटच्या खालीच लिहा, बाहेरची भिंत कशाची आणि किती जाड, आरईटीव्ही किती, उघडणारी खिडकी किती टक्के. आणि भोगवटा प्रमाणपत्र देताना कुणीतरी टेप घेऊन जाऊन मोजा, खिडकी मोजायला पाच मिनिटं लागतात. फ्रिज घेताना आपण स्टार बघतो, घरांच्या स्टार लेबलची योजना पण २०१९ मध्ये जाहीर झाली, पण मला आजवर एकाही सॅम्पल फ्लॅटमध्ये ते लेबल दिसलं नाही. पन्नास लाखांची वस्तू आपण काही न विचारता घेतो.

सध्या ज्या साईटवर आहे तिथे पश्चिमेच्या खिडक्यांची ऑर्डर पुढच्या महिन्यात जायची आहे. स्लायडिंगऐवजी पल्ले घ्या असं हिशेबासकट लिहून दिलंय. अजून उत्तर आलेलं नाही.

आपला,
एक साईट सुपरवायझर, नागपूर