मीटरच्या आधी शिळ्या पाण्याचा हिशेब

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरोघर मीटर बसले की पाणीपट्टी निम्म्यावर येईल, असे आपल्या दैनिकातल्या एका वाचकपत्रात वाचले. पत्र तळमळीचे आहे, पण त्यात एकही बेरीज नाही. माझी नोकरी हिशेबाच्या टेबलावर गेली, त्यामुळे गप्प बसवेना. मे महिनाभर मी घरात आलेले पाणी मोजले आणि रोजचा आकडा कॅलेंडरच्या चौकोनात लिहिला. त्या चौकोनांत सौ. दुधाचे खाडे लिहिते. तिची कुरकूर झाली, पण महिना पार पडला.

आमच्याकडे मीटर नाही. अर्धा इंची नळ, वर्षाची ठरलेली पट्टी आणि सकाळचे पाणी. मापाला गच्चीवरची 500 लिटरची टाकी (ती किती उतरली हे काठी घालून पाहायचे), मोरीतले पिंप, स्वयंपाकघरातला हंडा, कळशी आणि दोन बादल्या. माणसे दोन. सरासरी निघाली रोज 330 लिटर. शहरी योजना आखताना माणशी 135 लिटर धरतात, म्हणजे दोघांना 270. वरचे 60 लिटर शोधायला लांब जावे लागले नाही. नळाला पाणी आले की हंडा, कळशी आणि बादल्यांतले कालचे पाणी शिळे ठरते. थोडे तुळशीला आणि जास्वंदीला, उरलेले मोरीत. मग भांडी घासून ताजे भरायचे. हे आमच्याच घरी होते असे नाही. सकाळी पेठेतून चक्कर मारली तर गटारांना वाहते पाणी कधी येते यावरून नळाची वेळ सांगता येईल.

आता पैशांचे बघू. पुढचे दर आपल्या पालिकेचे नाहीत, हिशेबापुरते धरलेले आहेत. समजा ठोक पट्टी वर्षाला 2,000 रुपये आणि मीटरचा दर हजार लिटरला, म्हणजे एका युनिटला, 15 रुपये. आमचे रोजचे 330 लिटर वर्षाला सुमारे 120 युनिट होतात, बिल 1,800 च्या आसपास. वाचले 200. शिळे ओतणे बंद केले तर 270 लिटर, बिल 1,480 च्या घरात, वाचले 520. मीटर, प्लंबर आणि मीटरभोवतीची पेटी मिळून अडीच हजार खर्च धरला तर तो फिटायला जवळजवळ पाच वर्षे लागतील, आणि तेसुद्धा तोवर मीटर चालू राहिला तर. दिवाळीत लेक, जावई आणि नातवंडे पंधरा दिवस राहायला आली की यातली बरीच बचत त्यांच्या अंघोळीत जाणार. जावो बापडी.

याच दराने सहा माणसांच्या घराला रोज 810 लिटर लागतील आणि वर्षाचे बिल 4,400 च्या पुढे जाईल. दुपटीहून जास्त. 2,000 ला 15 ने भागले की 133 युनिट येतात, म्हणजे दिवसाला साधारण 365 लिटर. त्याच्या खाली असाल तर मीटर स्वस्त, वर असाल तर महाग. खरे दर कळतील तेव्हा हाच भागाकार प्रत्येकाने आपल्या घराचा करावा. निम्म्यावर येईल म्हणणाऱ्या पत्रलेखकांच्या घरी माणसे किती, हे त्यांनी लिहिलेले नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र माणसांच्या आकड्यावर नाही, मीटरमधून काय जाते त्यावर आहे. आपले सातारा अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावर वसलेले. पाणी सुटते तेव्हा रिकाम्या पाइपात हवा भरलेली असते. उंचावरच्या घरांत आधी नळ फुसफुसतो, मग खोकतो, मग धार येते. साध्या यांत्रिक मीटरचे चक्र हवेनेही फिरते आणि पाण्यापेक्षा वेगाने फिरते. त्यात शेजाऱ्याने नळाला थेट मोटार लावली असेल तर बोलायलाच नको. उलट अगदी बारीक धार मीटरला कळतही नाही. टोटी जराशी सैल सोडून रात्रभर थेंब थेंब बादली भरणारे हुशार लोक मी दुसऱ्या गावी पाहिले आहेत. म्हणजे वरच्या आळीत हवेचे पैसे भरायचे आणि खालच्या आळीत फुकट बादल्या भरायच्या.

त्याच गावी (नाव लिहीत नाही) माझ्या मेव्हणीचा मीटर बंद पडला. घराला चार महिने कुलूप होते, तरी सरासरीचे बिल येत राहिले. कुलूप दाखवायला ती तीनदा कचेरीत गेली.

वाड्यांचा प्रश्न याहून कठीण आहे. पेठांत आजही एका नळावर तीन-चार बिऱ्हाडे आहेत. जास्त वापराला चढता दर लावतात, ते तत्त्व म्हणून मला मान्य आहे. पण टप्पे नळावर मोजले तर चार बिऱ्हाडांचे पाणी एकत्र धरले जाते आणि सगळे वरच्या दरात जातात. प्रत्येकाचा वापर बंगल्यातल्या दोघांपेक्षा कमी असला तरी! त्या बिलाची वाटणी कशी करायची? माणशी, खोलीगणिक की घरमालकाच्या मर्जीने? वाड्यात राहिलेल्या कोणालाही विचारा, विजेच्या एका मीटरवरून किती वर्षे अबोले झाले ते.

मी मीटरच्या विरोधात नाही. आपल्याच जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरने घरोघरी मीटर लावून चढता दर ठेवला. पण तिथे त्याच योजनेत चोवीस तास पाणी दिले. नळ उघडला की पाणी आहे, तर पिंप कशाला भरायचे आणि सकाळी ओतायचे तरी काय? पाइप सतत भरलेला, त्यामुळे रोज हवा शिरण्याचाही प्रश्न नाही. आपल्याकडे यातला नुसता मीटर उचलला जाईल याची मला भीती वाटते, कारण तो लवकर बसवता येतो आणि त्याचे उद्घाटनही करता येते.

आणखी एक. आपल्याकडे कास तलावाचे पाणी उताराने येते. कृष्णेतून उपसून चढवलेल्या पाण्याला प्रत्येक लिटरमागे वीज लागते, तिथे वापर घटला की खर्च लगेच घटतो. कासच्या पाण्याचा बराचसा खर्च धरण, पाइप, शुद्धीकरण आणि माणसे यांचा आहे, तो आम्ही 60 लिटर कमी ओतल्याने कमी होणार नाही. मग कमी वापरामुळे उत्पन्न घटले की युनिटचा दर वाढेल आणि आमचे 520 रुपये जिथल्या तिथे. 2020 च्या हद्दवाढीनंतर काही भागात महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे मीटरचे पाणी आणि पेठांत पालिकेची ठोक पट्टी, असे एकाच शहरात चालले आहे. दोन्हीकडच्या पाण्याला खर्च किती येतो, तो आधी शेजारी शेजारी मांडून जाहीर करावा.

पालिकेला सुचवणे एवढेच, की सरसकट मीटर लावण्याआधी उंचावरची काही घरे, सखलातली काही घरे आणि दोन-तीन वाडे घेऊन वर्षभर मीटर लावून पाहावेत. त्यावर बिल आकारू नये. रीडिंग आणि टाकीत प्रत्यक्ष आलेले पाणी यांचा मेळ बसतो का ते तपासावे. आमचे घर द्यायला मी तयार आहे, कॅलेंडरसुद्धा देईन.

घरात मात्र माझ्या हिशेबाचा उपयोग झालेला नाही. 60 लिटरचा आकडा ऐकून सौ. म्हणाली, "मग उद्यापासून शिळ्या पाण्याचा चहा तुम्हीच घ्या." सध्या बादल्यांचे पाणी फरशीला वापरतो. हंड्याला हात लावायची मला परवानगी नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त लेखनिक
मंगळवार पेठ, सातारा